शनिवारी संध्याकाळी नोटिफिकेशन काढणाऱ्यांना वाशीहून खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय वाणिज्य मंत्री आणि त्यांच्या खात्यातले सगळे मोठे साहेब, वाणिज्य भवन, नवी दिल्ली
आणि महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले आमचे ४८ खासदार (हो, तुम्ही पण, पक्ष कुठलाही असो)

स.न.वि.वि.

मी वाशीला स्टेशनपासून पाच मिनिटांवर एका छोट्या ऑफिसात एक्स्पोर्ट-इम्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करते, बावीस वर्षं झाली, आधी दुसऱ्यांकडे नोकरी केली आणि आता स्वतःचं आहे, हाताखाली दोन मुली आणि एक मुलगा जो दिवसभर न्हावाशेवा ते वाशी बाईकवर असतो. शिपिंग बिल (म्हणजे कस्टमला द्यायचा निर्यातीचा फॉर्म), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), बँकेचे कागद. माझ्या टेबलावरून कांदा जातो, आंबा जातो, रबाळे-महापेच्या गाळ्यांत बनणारे व्हॉल्व्ह आणि पंपाचे पार्ट जातात. अर्थशास्त्र मी शिकलेले नाही. पण तुम्ही तिकडे जे काही ठरवता ते शेवटी ज्या फॉर्मच्या रकान्यात येऊन पडतं तो फॉर्म मी भरते, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजते.

टीव्हीवर व्यापार धोरण म्हणजे दोन झेंडे आणि हस्तांदोलन. आमच्याकडे ते पीडीएफ म्हणून येतं, आणि बहुतेक वेळा अंधार पडल्यावर.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के ड्युटी, लगेच लागू. त्या दिवशी आमच्या एका पार्टीचे, म्हणजे गिऱ्हाइकाचे, सहा रीफर, म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, कोलंबोला निघालेले. दोनांना दुपारीच कस्टमची निर्यातीची परवानगी, म्हणजे आमच्या भाषेत एलईओ, मिळाली होती आणि चार रांगेत होते. आता कायदा असा आहे की एलईओ ज्या दिवशी मिळते त्या दिवशीचा ड्युटी दर लागतो, सौदा कधी झाला, माल कधी भरला, गाडी निफाडहून कधी निघाली याला काही किंमत नाही. म्हणजे एकाच शेतातला, एकाच चाळीत साठवलेला, एकाच दिवशी गोणीत भरलेला कांदा, दोन कंटेनरना शून्य ड्युटी आणि चारांना चाळीस टक्के. एका कंटेनरमागे अडीच-तीन लाखांचा फटका. कोलंबोचा बायर म्हणाला माझा भाव ठरलाय, तुमच्या सरकारचं तुम्ही बघा, आणि त्याचं काय चुकलं? रीफर प्लगला लावून ठेवायचे तर त्याचं मीटर वेगळं पळतंय. चार दिवसांनी दोन कंटेनर तोट्यात पाठवले आणि दोन परत आणून इथल्याच कांदा-बटाटा मार्केटला मिळेल त्या भावात विकले.

कांदा महागला की शहरात बोंब होते हे मला कळतं, मी पण खारघरला राहते आणि ऐंशी रुपये किलोने कांदा घेतला की माझंही डोकं फिरतं. सरकारला भाव खाली ठेवायचा असेल तर ठेवा, तो तुमचा निर्णय. माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय घ्यायची पद्धत बदला. कारण ती एक ड्युटी लावून तुम्ही थांबला नाहीत ना. २८ ऑक्टोबरला ड्युटीच्या जागी टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. ८ डिसेंबरला थेट बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये ती बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली. ४ मे २०२४ ला, ऐन निवडणुकीत, बंदी उठली पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि वर ४० टक्के ड्युटी. १३ सप्टेंबरला किमान किंमत गेली, ड्युटी २० टक्के. १ एप्रिल २०२५ ला ड्युटी पण गेली. मोजा. वीस महिन्यांच्या आत सात वेळा नियम फिरले, आणि कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, म्हणजे शेतकऱ्याने एक उन्हाळ कांदा साठवला तर तो बाहेर काढेपर्यंत दोनदा सरकारचं मन बदललेलं असतं. मधेच एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी देणारी नोटिफिकेशन आली आणि इकडे नाशिकला लोक पेटले, ते साहजिकच होतं, मग दोन दिवसांत खुलासा आला की सहा देशांना ९९,१५० टन पाठवायची परवानगी आधीच दिलेली आहे. ती परवानगी सरकारच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थेच्या हातून, आमच्या पार्ट्या बघत बसल्या.

आणि हे फक्त कांद्याचं नाही. १२ मे २०२२ ला तुमच्याच खात्याने सांगितलं की गव्हाची निर्यात वाढवायला मोरोक्को, इंडोनेशिया, फिलिपिन्स वगैरे नऊ देशांत शिष्टमंडळं पाठवणार. १३ मेला गव्हाच्या निर्यातीवर बंदी. चोवीस-छत्तीस तास! शिष्टमंडळाच्या लोकांनी बॅगा भरायला घेतल्या असतील तर त्यांचं काय झालं हे मला खरंच जाणून घ्यायचंय. लॅपटॉपचं तसंच, ३ ऑगस्ट २०२३ ला आयातीला लायसन्स लागणार म्हणून जाहीर आणि दुसऱ्या दिवशी तीन महिने पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी जे कळलं ते आदल्या दिवशी विचारलं असतं तर कळलं नसतं का?

आता एक गोष्ट सांगते जी लिहिताना मलाच कसंतरी वाटतं. अमेरिकेने आपल्या मालावर जादा २५ टक्के टॅरिफ लावलं, एकूण ५०, ते आठवतंय ना. त्या आदेशावर सही झाली ६ ऑगस्ट २०२५ ला आणि तो लागू झाला २७ ऑगस्टला. एकवीस दिवस. शिवाय त्यात लिहिलेलं की २७ तारखेच्या आधी जो माल जहाजावर चढलाय आणि १७ सप्टेंबरच्या आधी तिकडे क्लिअर होतोय त्याला हे जादा टॅरिफ नाही. आम्ही त्या तीन आठवड्यांत रात्री अकरा-अकरापर्यंत बसून पार्ट्यांचा माल काढला, ऑफिसात मिसळपाव आणि चहावर दिवस काढले. म्हणजे आपल्याशी भांडायला निघालेल्या सरकारने आम्हाला तीन आठवडे दिले आणि आपल्या स्वतःच्या सरकारने तीन तास पण दिले नाहीत.

तुमचे अधिकारी म्हणतील की बाई, परराष्ट्र व्यापार धोरणात परिच्छेद १.०५ आहे, बंदी यायच्या आधी उघडलेली पक्की एलसी, म्हणजे बँकेची पैशांची हमी, असेल तर माल जाऊ देतो. माहितीये. पण साहेब, कोलंबो, दुबई, क्वालालंपूरचा कांदा एलसीवर जात नाही हो, तो फोनवर आणि वीस वर्षांच्या ओळखीवर जातो, थोडा ॲडव्हान्स आणि बाकी माल पोचल्यावर. एलसी मोठ्यांची. आणि काही वेळा तर नोटिफिकेशनमध्येच एक ओळ टाकतात की ही सवलत इथे लागू नाही. शिवाय ड्युटी लावली तर १.०५ चा संबंधच येत नाही कारण ते खातंच वेगळं.

खरं दुखणं इथे आहे. बंदी आणि किमान किंमत तुम्ही काढता, ड्युटी अर्थखातं लावतं, कांदा खरेदी करून साठा करायचं काम ग्राहक खात्याचं, मालाच्या दर्जाचे क्वालिटी कंट्रोल ऑर्डर ज्या त्या मालाच्या मंत्रालयाचे, खाण्याच्या वस्तूचं अजून एक. परदेशात जाऊन करार करून दार उघडायचं काम एका खात्याचं आणि त्याच दाराला आतून कडी घालायचं काम दुसऱ्याचं, आणि दोघांची गाठ पडते आमच्या शिपिंग बिलावर. निर्यातीला मिळणाऱ्या रोडटेप परताव्याचंच घ्या, योजना सुरू १ जानेवारी २०२१ ला आणि दर जाहीर झाले १७ ऑगस्टला. साडेसात महिने आमच्या पार्ट्यांनी भाव कसा काढायचा? महापेचे एक काका, पंपाचे पार्ट बनवतात, ते अंदाजाने भाव देत राहिले आणि दर आले तेव्हा त्यांच्या अंदाजाच्या निम्मे. कोणाला विचारणार. सगळे म्हणतात आमचा विषय नाही.

आता करारांकडे येते, कारण आजकाल करार धडाधड होतायत आणि ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. युएईचा करार १ मे २०२२ पासून चालू झाला, तो आमच्या काही लोकांना खरंच लागू पडला. पण कराराआधी काय बोलायचं ठरलं, कशाच्या बदल्यात काय दिलं, हे आपल्याला कळतं कधी? सही झाल्यावर. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ ला सही झाली. त्यांच्या सरकारने वाटाघाटी सुरू व्हायच्या वेळीच, जानेवारी २०२२ मध्ये, आम्हाला भारताकडून काय हवंय याचं आख्खं पुस्तकच छापलं होतं आणि सही झाल्यावर कराराने कोणाला किती फायदा होणार, वर्षाला ४.८ अब्ज पौंड वगैरे, त्याचा हिशोब मांडला. त्यांच्या कायद्यात करार संसदेपुढे २१ बैठकीचे दिवस ठेवावा लागतो. ऑस्ट्रेलियाबरोबरचा आपला करार त्यांच्या संसदेच्या करारविषयक समितीने तपासला, लोकांकडून म्हणणं मागवलं, मग पुढे गेला. मी वाशीत बसून आपल्याच देशाचा करार समजून घ्यायला लंडन आणि कॅनबेराचे कागद वाचते. हसू येतं आणि रागही येतो.

आपल्याकडे घटनेच्या संघसूचीत नोंद १४, परदेशांशी करार करणं हे केंद्राचं काम. ठीक. कलम २५३ म्हणतं करार अमलात आणायला संसद कायदा करू शकते. पण करार करायच्या आधी संसदेला विचारलंच पाहिजे असं कुठे नाही, त्यामुळे मंत्रिमंडळाने मान डोलावली, सही झाली, कस्टमची एक नोटिफिकेशन निघाली की संपलं. घटनेचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००२ मध्येच सांगितलेलं की करार करायच्या अधिकाराबद्दल संसदेने कायदा करावा. तेवीस-चोवीस वर्षं तो कागद कुठल्या कपाटात आहे? खासदार मंडळींनो, हा प्रश्न तुम्हाला आहे. वाणिज्य विषयाची तुमची स्थायी समिती आहे, ३१ सदस्यांची, तिच्यात महाराष्ट्रातले कोण आहेत आणि त्यांनी शेवटचा कुठला करार सही व्हायच्या आधी वाचला, हे जरा मतदारसंघात येऊन सांगा.

आणि शेती राज्यांचा विषय. कांदा नाशिक-नगर-पुण्याचा, बंदर उरणचं, मार्केट वाशीचं, आणि निर्णय दिल्लीचा. आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाबरोबरच्या, कराराच्या वेळी २००९ मध्ये केरळने रबर-मिरी-नारळासाठी मानवी साखळी केली होती, आपण ती बातमी वाचून पान उलटलं. राज्यांसाठी २०१५ मध्ये वेगळी व्यापार परिषद केली होती, ती २०१९ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेड या केंद्राच्या सल्लागार मंडळात मिसळून टाकली. जीएसटीसाठी राज्यांना मताचा अधिकार असलेली परिषद चालते ना, भांडतात पण चालते. मग व्यापारासाठी राज्यांना निदान करारापूर्वी लेखी म्हणणं मांडायची आणि त्याला लेखी उत्तर मिळायची सोय करायला कोणाची हरकत आहे?

आसियानचं नाव निघालंच आहे तर. तो करार १ जानेवारी २०१० पासून. आसियानबरोबरची आपली तूट २०२२-२३ मध्ये साधारण ४३ अब्ज डॉलरवर गेलेली. आता फेरविचार चाललाय, पण पहिला फेरविचार करायलाच किती वर्षं लागली बघा. तुर्भ्याला माझे एक जुने क्लायंट होते, हे दुसरे काका, छोटा कारखाना, पंधरा माणसं. तयार वस्तू तिकडून करारामुळे बिनड्युटी येते आणि त्याच वस्तूचा कच्चा माल ते दुसऱ्या देशातून आणायचे त्यावर मात्र ड्युटी. उलटा कारभार. त्यांनी पाच-सहा पत्रं लिहिली, संघटनेला भेटले, संघटना म्हणाली आमच्यातले मोठे मेंबर स्वतःच तयार माल आणतात. शेवटी काका पण तयार मालच आणायला लागले. आता तो गाळा गोडाऊन आहे. दिल्लीत ‘इंडस्ट्रीशी चर्चा झाली’ असं लिहिलं जातं तेव्हा त्यात हे काका मोजले जातात का? एकदा अशाच एका चर्चेला मी गेले होते, मुंबईत एका हॉटेलात, इंग्रजीत दोन तास प्रेझेंटेशन आणि प्रश्नांना दहा मिनिटं, त्यातली सात एका मोठ्या साहेबांनी आभार मानण्यात घालवली.

चांगलं झालं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई नुसत्या नावं ठेवतात. २ जानेवारी २०२५ ला तुम्ही परराष्ट्र व्यापार धोरणात १.०७ए आणि १.०७बी घातलं, की धोरण बदलण्याआधी आयातदार-निर्यातदारांचं म्हणणं मागवायचं आणि जे मान्य नाही त्याची कारणं सांगायची यंत्रणा करायची. आमच्या ऑफिसात त्या दिवशी मी पेढे वाटले, खरंच. पण त्यातच एक पळवाट ठेवलीत, सरकार स्वतःहून कधीही निर्णय घेऊ शकेल अशी. आणि ते धोरणात आहे, १९९२ च्या कायद्यात नाही. धोरण तुम्ही लिहिता, तुम्हीच बदलता. शिवाय ड्युटी लावणाऱ्या खात्याला ते लागूच नाही. करारांसाठी पण मे २०२४ मध्ये राजस्थानात नीमराणाला चिंतन शिबिर घेतलंत, वाटाघाटी कशा कराव्यात याची एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धत, करायची म्हणून. ती एसओपी आम्हाला दाखवा की. सगळ्यांना दिसली तर काय बिघडतं?

इथे नेहमी एक उत्तर मिळतं. पत्ते उघडे टाकून कोणी खेळतं का?

बघा, आमच्या फळ मार्केटला वर्षानुवर्षं एक पद्धत होती, हत्ता म्हणतात, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. घेणारा आणि दलाल दोघांनाच कळायचं. ज्याचा आंबा आहे तो देवगड-रत्नागिरीचा माणूस बाजूला उभा, त्याला बोटं दिसायची नाहीत, संध्याकाळी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, हातात पडली की कळायचं आपण किती रुपयांचे. म्हणून तर उघड लिलाव पाहिजे असा नियम झाला. तुमची वाटाघाट मला त्या रुमालासारखी वाटते. समोरच्या देशाला तुमची बोटं कळतात, फक्त ज्याचा माल आहे त्याला कळत नाहीत. शेवटचा आकडा सांगा असं कोणी म्हणत नाहीये. युरोपियन युनियन आपले प्रस्ताव वेबसाईटवर टाकतं आणि तरी तासून घासून भाव करतं. आपण काय मागायला चाललोय, कशाला हात लावू देणार नाही, कुठल्या धंद्याला झळ बसू शकते आणि त्याच्यासाठी काय करणार, एवढं निघण्याआधी सांगा.

आणि उलट त्यात तुमचाच फायदा आहे. मार्केटला जो गडी ‘शेठला विचारून सांगतो’ म्हणतो ना, त्याला भाव चांगला मिळतो. अमेरिकन लोक कायम हेच करतात, आमची काँग्रेस (म्हणजे त्यांची संसद) हे मान्य करणार नाही म्हणतात आणि समोरचा मऊ होतो. आपला अधिकारी काय सांगणार? त्याच्या मागे कोणी शेठच नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला आपण आरसेपमधून, म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरे देशांच्या मोठ्या व्यापार करारातून, बाहेर पडलो, बरोबर की चूक यावर मी वाद घालत नाही, पण २०१२ पासून सात वर्षं बोलणी करून शेवटच्या दिवशी उठलो. दूधवाले आणि छोटे कारखानदार काय म्हणतील हे पहिल्या वर्षी संसदेत बोललं गेलं असतं तर एकतर लवकर उठलो असतो नाहीतर चांगल्या अटींवर बसलो असतो.

मग मला हवंय काय. आयात-निर्यातीवर बंधन घालणारी कुठलीही नोटिफिकेशन, मग ती कुठल्याही खात्याची असो, लागू व्हायच्या आधी निदान पंधरा दिवस मसुदा म्हणून बाहेर यावी, आणि खरोखर आणीबाणी असेल तर कारण लिहून लगेच लावा पण ती आपोआप साठ दिवसांनी संपावी. रस्त्यात असलेल्या मालाला जुना नियम, एलसी असो वा नसो, शिपिंग बिल भरलं असेल तर पुरे. हे दोन्ही कायद्यात, धोरणात नको. करारासाठी आधी उद्दिष्टं स्थायी समितीपुढे, सही व्हायच्या आधी मजकूर संसदेपुढे, आणि तीन वर्षांनी हिशोब, कोणाचं काय वाढलं आणि कोणाचं बुडालं. तो हिशोब तुमच्या खात्याने नका करू, स्वतःच्या मार्कशीटवर कोणी स्वतः सही करत नाही. राज्यांचं वर लिहिलंच आहे. यात काही मोठं क्रांतिकारी नाही हे मला माहितीये, बाकीच्या देशांत हे नेहमीचं आहे.

मला रोज संध्याकाळी सात-साडेसातला निफाडहून एका व्यापाऱ्याचा फोन येतो, ‘ताई, आज गाडी भरू का?’ त्यांना हवामान नाही विचारायचं, भाव नाही विचारायचा, रात्री काही पीडीएफ येणार का एवढंच विचारायचं असतं. मी म्हणते भरा. आणि मग झोपण्याआधी एकदा आणि पहाटे उठल्यावर एकदा वेबसाईट उघडते.

आपली,
वाशीतली एक डॉक्युमेंटवाली

ता.क. नोटिफिकेशन हिंदी आणि इंग्रजीत निघतात. महाराष्ट्रातल्या पिकाबद्दल असेल तर मराठीत पण काढा. मी प्रत्येक वेळी भाषांतर करून व्हॉट्सॲपवर पाठवते, त्यात एखाद्या दिवशी माझी चूक झाली तर कोणाचा तरी कंटेनर जाईल.